भिंतीतला क्यूपिड

जर्मनीत ड्रेस्डेनच्या गेमेल्डेगॅलरी आल्टे माइस्टर या संग्रहालयात योहानस व्हर्मीरचं एक चित्र आहे. उघड्या खिडकीपाशी उभी राहून एक तरुण मुलगी पत्र वाचते आहे. काळ १६५७ ते १६५९ च्या आसपासचा, उंची ८३ सेंटिमीटर, रुंदी साडेचौसष्ट. मुलगी आपल्याला एका बाजूने दिसते. तिची नजर कागदावर खिळलेली, कागद दोन्ही हातांत धरलेला. खिडकीच्या तावदानात तिच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब पडलंय, पण ते तिच्यापेक्षा फिकं आणि जरा परकं वाटतं. पुढे जाडजूड तुर्की गालिचा चुण्या पडून गोळा झालेला, त्यावर कलंडलेला चिनी मातीचा वाडगा, सांडलेली फळं, आणि आतली बी दिसणारं अर्धं पीच. उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवट पडदा.

मुलीच्या मागे होती नुसती भिंत. या भिंतीवर रसिकांनी आणि अभ्यासकांनी जीव टाकला होता. व्हर्मीरचा संयम, त्याचं मौन, कमीत कमी सामग्रीत एकांत उभा करण्याची त्याची हातोटी, हे सगळं त्या रिकाम्या भिंतीत पाहिलं गेलं. पत्रात काय आहे हे भिंत सांगत नव्हती, आणि तेच फार सुंदर वाटत होतं.

१९७९ साली चित्राची क्ष-किरण तपासणी झाली. शिशाचा पांढरा रंग क्ष-किरण अडवतो, त्यामुळे जिथे तो जाड असतो तिथे छायाचित्र उजळतं. भिंतीच्या आत चौकटीत बसवलेलं एक मोठं चित्र दिसलं: उभा, उघडा, धनुष्यधारी क्यूपिड, म्हणजे रोमनांचा प्रेमदेव. उजव्या कोपऱ्यात, पडद्याखाली, वाइनचा एक मोठा काचेचा पेलाही होता. निष्कर्ष सोपा वाटला. व्हर्मीरने पेला काढला, पडदा घातला. तसाच क्यूपिड काढला, भिंत घातली. चित्र रंगवता रंगवता वस्तू गाळत जाणं हा त्याचा स्वभावच होता, त्यामुळे शंका घ्यायला कुणाला कारण दिसलं नाही. पुढची जवळपास चाळीस वर्षं हेच मानलं गेलं.

२०१७ साली चित्र संवर्धनासाठी उतरवलं गेलं आणि रंगाच्या थरांचे सूक्ष्म नमुने प्रयोगशाळेत तपासले गेले. मला या साऱ्या शोधातली सर्वांत मोलाची वस्तू वाटते ती क्यूपिड नव्हे, तर दोन थरांमध्ये अडकलेला मळ. व्हर्मीरने रंगवलेला क्यूपिड, त्यावर वॉर्निश, वॉर्निशवर साचलेली धूळ, आणि त्या धुळीवर भिंतीचा रंग. चित्रकार काम चालू असताना मत बदलतो तेव्हा मध्ये वॉर्निश येत नाही, आणि इतका मळ साचायला वेळही मिळत नाही. क्यूपिड झाकला गेला तो चित्र पुरं होऊन कैक दशकं उलटल्यावर. व्हर्मीर डिसेंबर १६७५ मध्येच वारला होता. भिंत त्याची नव्हती.

मळाची साक्ष किती जपून घ्यावी लागते याचा धडा व्हर्मीरच्याच नावाने मिळालेला आहे. हान व्हान मेगरेनने १९३७ मध्ये एक बनावट व्हर्मीर खपवला. नामांकित तज्ज्ञ आब्राहम ब्रेडियसने त्याला अस्सल ठरवलं आणि रॉटरडॅमच्या बॉइमन्स संग्रहालयाने तो घेतला. मेगरेनने रंगात कृत्रिम राळ घालून कापड भट्टीत भाजलं, पृष्ठभागाला तडे पाडले आणि तड्यांत शाई भरली, म्हणजे शतकांची धूळ वाटावी. १९४५ मध्ये त्याने स्वतःच कबुली दिली. ड्रेस्डेनमधली धूळ मात्र कुणी कुणाला फसवायला ठेवलेली नव्हती, म्हणूनच तिच्या शब्दाला वजन आहे.

संवर्धक क्रिस्टोफ शोल्त्सेल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली, शस्त्रक्रियेच्या बारीक पात्याने, वरचा थर कणाकणाने खरवडला. रसायन लावलं असतं तर व्हर्मीरच्या काळचं खालचं वॉर्निशही विरघळलं असतं. सप्टेंबर २०२१ मध्ये चित्र पुन्हा लोकांपुढे आलं.

आता ते कसं दिसतं? मुलीच्या डोक्यामागे काळ्या चौकटीतला क्यूपिड उभा आहे, एका हातात धनुष्य, दुसरा हात वर, आणि पायाखाली मुखवटा. मुखवटा हे कपटाचं चिन्ह. ते तुडवणारा देव खऱ्या प्रेमाची ग्वाही देतो. हाच क्यूपिड व्हर्मीरच्या इतर चित्रांतही भेटतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या व्हर्जिनल वाद्यापाशी उभ्या असलेल्या स्त्रीच्या मागे तो ठळक दिसतो. व्हर्मीरच्या मृत्यूनंतर १६७६ मध्ये घरातल्या वस्तूंची जी यादी झाली, तीतही एका क्यूपिडची नोंद आहे.

काही रसिक हळहळले. चित्र भरगच्च झालं, गूढ गेलं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. पूर्वी आपण तिच्या एकटेपणाकडे पाहत होतो. आता तिच्या मागे एक ग्वाही आहे आणि तिला ती दिसत नाही, कारण तिची पाठ तिकडे आहे. आपल्याला तिच्यापेक्षा थोडं जास्त कळतं, तरी पत्रातलं अक्षर दिसत नाही. ताण वाढलाच आहे. शिवाय उजवीकडचा पडदा आता खऱ्या अर्थाने कामाला लागला. त्या काळी डच घरांत चित्रांवर धूळ बसू नये म्हणून पडदे लावत. इथे रंगवलेला पडदा बाजूला सरकलेला आहे आणि त्याच्याआड चित्रातल्या चित्राची कड जाते. भिंत रिकामी होती तेव्हा त्या सरकण्याला पुरेसं कारणच नव्हतं.

१७४२ मध्ये पॅरिसमध्ये हे चित्र ड्रेस्डेन राजधानी असलेल्या सॅक्सनीसाठी खरेदी झालं तेव्हा ते रेम्ब्रांचं समजलं जात होतं. व्हर्मीरचं नाव त्याला एकोणिसाव्या शतकात मिळालं. जुन्या पुस्तकांत अजून ती मोकळी भिंतच छापलेली सापडेल. ती जरूर पाहा, पण व्हर्मीरविषयी मत बनवायचं असेल तर नवं छायाचित्र समोर ठेवा.