पश्चिम बंगाल खटला : सार्वभौमत्वाची चर्चा आणि सूचीतील शब्द

संघराज्यात केंद्र आणि घटक राज्ये यांच्या अधिकारांची सीमारेषा कोणी आखावयाची, या प्रश्नाचे उत्तर आपल्या घटनेने कलम १३१ अन्वये सर्वोच्च न्यायालयावर सोपविले आहे. ही जबाबदारी न्यायालयाने कशी पार पाडली, हे पाहण्यास पश्चिम बंगाल विरुद्ध भारतीय संघ हा १९६२ चा निकाल विशेष उपयुक्त आहे.

वादाचे मूळ कोळशाच्या जमिनीत होते. १९५३ च्या कायद्याने जमीनदारी हक्क संपुष्टात आणून पश्चिम बंगालने त्या जमिनी आपल्याकडे घेतल्या होत्या. पुढे १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखाली त्याच जमिनी संघाला घेता येतील काय, हा प्रश्न उपस्थित झाला. सहा न्यायमूर्तींपैकी पाचांनी संघाच्या बाजूने कौल दिला. मुख्य न्यायाधीश भु. प्र. सिन्हा यांनी बहुमताचे निकालपत्र दिले, तर न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी भिन्नमत नोंदविले.

बहुमताच्या निष्कर्षाला व्यावहारिक आधार होता, हे मान्य केले पाहिजे. राज्याच्या मालकीची जमीन संपादनाच्या कक्षेबाहेर ठेवली असती, तर जमीन आपल्या नावे करून घेऊन संघाचा खनिजविकासाचा अधिकार निष्फळ करणे राज्याला शक्य झाले असते. शिवाय १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने संपादनाविषयीच्या पूर्वीच्या पृथक् नोंदींच्या जागी समवर्ती सूचीत ४२ क्रमांकाची एकच व्यापक नोंद घातली होती. एवढ्या भांडवलावर निकाल देता आला असता.

परंतु बहुमत तेथे थांबले नाही. आपली राज्ये स्वतंत्र राष्ट्रांच्या करारातून निर्माण झाली नाहीत, कलम ३ नुसार संसद त्यांच्या सीमा बदलू शकते, म्हणून ती सार्वभौम नाहीत, अशी विचारसरणी निकालपत्रात मांडली गेली. यातील प्रत्येक विधान स्वतंत्रपणे खरे असेल. पण त्यावरून अभिप्रेत अनुमान निघत नाही. एखादी संस्था सार्वभौम नसली, तरी घटनेने तिला दिलेले क्षेत्र तिचेच असते. जन्माच्या इतिहासावरून अधिकाराची मर्यादा ठरविणे म्हणजे घटनेच्या शब्दांऐवजी तिच्या पूर्वपीठिकेचा अर्थ लावणे होय.

सुब्बारावांचा प्रतिवाद याच ठिकाणी बळकट ठरतो. संघ व राज्ये आपापल्या क्षेत्रात स्वायत्त असल्याने एकाची मालमत्ता दुसऱ्याने सक्तीने घेणे घटनेच्या रचनेशी विसंगत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. तथापि कलम २८५ व २८९ मधील परस्पर करमुक्ती दोन्ही पक्षांस उपयोगी पडू शकते. तीतून परस्परांविषयीचा आदर जसा दिसतो, तसेच संरक्षण द्यावयाचे तेथे घटनाकारांनी ते स्पष्ट शब्दांत दिले, असेही म्हणता येते. ग्रंथपाठ असा द्व्यर्थी असताना न्यायालयाने शक्य तितका मर्यादित निर्णय देणे इष्ट होते.

पुढील इतिहास या टीकेस पुष्टी देतो. १९९४ च्या बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने संघराज्यात्मकता हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग मानला. राज्ये केंद्राची केवळ उपांगे नाहीत, असे न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी बजावले. २०२४ मध्ये खनिजांचाच प्रश्न पुन्हा नऊ न्यायमूर्तींपुढे आला. आठांनी निर्णय दिला की स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यसूचीतील नोंद ५० प्रमाणे राज्यांचा आहे. त्यावर मर्यादा घालण्याचा संसदेचा अधिकार मात्र त्याच नोंदीत राखलेला आहे. राज्यांत अनिष्ट स्पर्धा माजेल, ही न्यायमूर्ती नागरत्ना यांच्या भिन्नमतातील भीती निराधार म्हणता येणार नाही. तरीही तिचा परिहार करण्याचे साधन घटनेने संसदेच्या हाती दिलेले आहे.

राज्ये सार्वभौम आहेत काय, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. अमुक नोंदीखाली अमुक अधिकार कोणाचा, हा न्यायालयाचा प्रश्न आहे. पहिल्याच्या उत्तरावरून दुसरा सोडविला, म्हणजे एका वादापुरता द्यावयाचा निर्णय साऱ्या राज्यांच्या दर्जावरील शेरा होऊन बसतो. १९६२ च्या निकालातील खरा दोष हाच होय.