कानात बोळे घालून जिंकता येणारे खेळ

मुलांना संगीत शिकवण्यासाठी आज जे खेळ आणि साधनं विकत मिळतात, त्यांची एक सोपी परीक्षा घेता येते. खेळणाऱ्या मुलाच्या कानात कापसाचे बोळे घाला. खरोखर नव्हे, मनातल्या मनात. आता ते मूल हा खेळ जिंकू शकतं का? शकत असेल, तर तो खेळ रंगीत असेल, मजेदार असेल, वेळ बरा घालवणारा असेल. पण संगीताचा नाही.

गेलं वर्षभर मी ही साधनं जमवतो आहे आणि शनिवारी दुपारी घरी जमणाऱ्या चार-पाच मुलांच्या हाती देऊन पाहतो आहे. स्वरांचा तंबोला, सरगमची सापशिडी, जोड्या लावायचे पत्ते, रंगीत पट्ट्यांचं वाद्य, आवाज ऐकून गुण देणारं अ‍ॅप. यांतली बरीचशी या परीक्षेत पहिल्याच फटक्याला नापास होतात. सापशिडीत फासा पडतो, सोंगटी 'ग'वर जाते, मूल 'ग' म्हणतं आणि पुढे सरकतं. ते 'ग' कोणत्याही सुरात म्हणालं तरी चालतं. सुरात म्हणायला हवं असा नियम पुस्तिकेत असला, तरी दोन डावांनंतर तो कुणी पाळत नाही, कारण शिडी मिळायची की साप हे फासा ठरवतो, सूर नव्हे.

सापशिडीचं उदाहरण मला मुद्दाम घ्यावंसं वाटतं. ज्या मोक्षपटातून ती आली, तो परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडलेला खेळ. त्यातल्या घरांना नावं होती. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणाच्या घरात सापाचं तोंड असे. म्हणजे जे शिकवायचं ते खेळाच्या चालीतच विणलेलं होतं. सरगमच्या सापशिडीत 'प'वरून शिडी का आणि 'ध'वर साप का, याला उत्तर नाही. शिकवण्याचा विषय तिथे फक्त छापलेला आहे.

विषयाभोवती रचलेल्या खेळांचं, म्हणजे ज्यांना 'थीम' असते त्यांचंही असंच आहे. परदेशी शिक्षकांकडे हॅलोविनच्या भोपळ्यांचे, ख्रिसमसच्या झाडाचे, समुद्री चाच्यांचे संच असतात. आपल्याकडे पणत्या, पतंग आणि आंबे आले आहेत. भोपळ्यावर काढलेला स्वर ओळखा, झाडाला टांगा. भोपळ्याच्या जागी आंबा ठेवला तरी खेळात काडीचा फरक पडत नाही. मग ही थीम आहे कशाला? याउलट आगगाडीचा एक साधा खेळ घ्या. मुलं एकामागोमाग उभी राहून ठेक्यात चालतात. स्टेशन सुटल्यावर गाडी दुगुणीत जाते, घाट आला की पुन्हा ठायीत येते, पण टाळी देणाऱ्याची लय तीच राहते. इथे गाडी काढून फूल ठेवता येणार नाही. लय कायम ठेवून गती दुप्पट करणं ही मोठ्यांनाही गोंधळात टाकणारी गोष्ट मुलांच्या पायांना कळते, आणि चुकली तर पुढच्याच्या टाचेवर पाय पडतो. गुण कुणी मोजावे लागत नाहीत.

स्वर ओळखून झाडाला टांगायचा खेळ ज्यांनी काढला त्यांच्यापुढे एक खरी अडचण होती, हे मात्र मान्य करायला हवं. पाश्चात्त्य लेखनात पाच रेघांवर आणि त्यांच्यामधल्या जागांवर ठिपके असतात. कोणता ठिपका म्हणजे कोणता स्वर, हे पाठ व्हावं लागतं, आणि ते पाठ करणं कंटाळवाणं असतं. ही अडचण जुनी आहे. १८०१ साली एडिंबरोच्या अ‍ॅन यंग या शिक्षिकेने संगीताच्या खेळाच्या एका पेटीचं पेटंट घेतलं. पेटी उघडली की खेळायचे पट तयार. सोबत फासे, खुंट्या, सोंगट्या. आजच्या संगीताच्या खेळांची ती पणजी म्हणायला हरकत नाही.

पण आपल्याकडे ही अडचण आहे का? भातखंड्यांच्या लेखनपद्धतीत 'सा' हा 'सा' असाच लिहितात. चिन्हावरून नाव शोधायचं नसतं, नावच लिहिलेलं असतं. शिकायची चिन्हं फार थोडी: तार सप्तकाला डोक्यावर टिंब, मंद्राला खाली टिंब, कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ. वाचता येणाऱ्या मुलाचं हे एका दुपारचं काम. म्हणजे जोड्या लावायच्या पत्त्यांचा निम्मा प्रपंच आपण दुसऱ्याच्या आजारावरचं औषध म्हणून आणला आहे. आपल्या मुलांची खरी अडचण पुढे सुरू होते: 'ग' लिहिलेला वाचता येतो, पण तो आहे कुठे? गळ्यातून तो काढायचा कसा? त्यावर पत्ते गप्प आहेत.

साधनांची गरज मुळात पडली कशी, तेही बघू. गुरूसमोर एक-दोन शिष्य असत तेव्हा साधन म्हणजे गुरूचा कान. चूक तिथल्या तिथे पकडली जाई. पुढे वर्ग आले. बडोद्यात १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली, १९०१ मध्ये लाहोरला विष्णु दिगंबर पलुसकरांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. एका शिक्षकापुढे अनेक मुलं बसू लागली, तशी फळा, पुस्तक आणि स्वरलिपी लागली. आजचे खेळ त्याच वंशातले. त्यामुळे 'पूर्वी कुठे होते असले लाड?' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वीस मुलांच्या वर्गात शिक्षकाचा कान प्रत्येकापर्यंत पोहोचत नाही. तिथे मुलाने स्वतःला ऐकावं यासाठी काहीतरी हातात द्यावंच लागतं. पण दिलेली वस्तू ते काम करते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

हे काम करणाऱ्या वस्तूंचा इतिहासही आहे. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर यांनी एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी स्वरांची शिडी केली. जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने ती पद्धत वाढवली आणि प्रत्येक स्वराला हाताची खूण दिली. पुढे हंगेरीत झोल्तान कोडाय यांच्या पद्धतीत त्या खुणा रुळल्या. या पद्धतीतला 'डो' आपल्या 'सा'सारखाच हलता असतो, म्हणून ती आपल्याला जवळची. खुणांमागे विचार आहे. 'टी', म्हणजे आपला 'नी', दाखवताना बोट वर रोखलेलं असतं, कारण तो स्वर वरच्या 'सा'कडे ओढ घेतो. 'फा'ला, म्हणजे शुद्ध मध्यमाला, अंगठा खाली, कारण तो गंधाराकडे उतरू पाहतो. खेळ असा: शिक्षक न बोलता खुणा करतो, मुलं गातात. मग मध्येच तो मूठ पाठीमागे लपवतो. तो स्वर मुलांनी मनात म्हणायचा आणि पुढची खूण दिसताच नेमक्या सुरावर यायचं. बोळे घालून हा खेळ खेळताच येत नाही. खर्च शून्य.

कर्वेनच्या तक्त्यात मला त्याहून आवडलेली गोष्ट म्हणजे अंतरं. 'मी' आणि 'फा' जवळजवळ, तसेच 'टी' आणि वरचा 'डो'. बाकीचे स्वर लांब. आता आपल्याकडे गायनाच्या क्लासच्या भिंतीवर दिसणारा सरगमचा जिना आठवा. प्रत्येक पायरी सारख्याच उंचीची. हे चक्क खोटं आहे. शुद्ध स्वरांत 'रे' ते 'ग' आणि 'ग' ते 'म' ही अंतरं सारखी नाहीत. दुसरं पहिल्याच्या जवळपास निम्मं आहे. ज्या मुलाने सारख्या पायऱ्या पाहिल्या ते 'म' चढा लावतं, आणि मग आपण त्याला बेसूर म्हणतो. तक्ता पुसून पायऱ्या नीट आखायला एक पट्टी आणि खडू पुरतो. एवढी साधी गोष्ट छापणाऱ्यांनी का करू नये?

रंगीत पट्ट्यांचं वाद्य आलं ते जर्मनीतून. कार्ल ओर्फ यांनी १९२४ मध्ये म्युनिकला डोरोथे ग्युंथर यांच्यासोबत शाळा काढली. तिथे आणि पुढे १९४८ पासूनच्या रेडिओ कार्यक्रमांतून त्यांची आणि गुनिल्ड केटमान यांची पद्धत आकाराला आली. या वाद्यांच्या पट्ट्या सुट्या होतात. शिक्षक 'म' आणि 'नी' उचलून ठेवतो, आणि उरतं काय? सा, रे, ग, प, ध. आपला भूप. आपल्याकडेही अनेक गुरू पहिला राग म्हणून भूपच देतात. दोन परंपरा एकमेकींना न विचारता एकाच दारात आल्या, कारण या पाच स्वरांत कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशी फारसा भांडत नाही. मूल काहीही वाजवो, बरंच लागतं. पहिल्या दिवशी मुलाला 'मी संगीत केलं' असं वाटणं ही या वाद्याची मोठी देणगी आहे.

आणि तीच त्याची मर्यादा. काहीच चुकत नसेल तर कान काय शिकेल? भूपाचेच पाच स्वर घेऊन देसकार होतो. धैवताला महत्त्व येतं, वावर वरच्या अंगात होतो आणि राग बदलतो. हा फरक पट्ट्या काढून-घालून शिकवता येत नाही. तिथे कुणीतरी गाऊनच दाखवावं लागतं. म्हणून हे वाद्य मी पहिले काही महिने मुलांसमोर ठेवीन आणि मग कपाटात ठेवीन.

त्याच्याच चुलत भावंडाबद्दल, म्हणजे कीबोर्डवर चिकटवायच्या 'सा रे ग म'च्या स्टिकरांबद्दल, मी इतका उदार नाही. स्टिकर पांढरी एकला 'सा' ठरवतात आणि तो तिथे कायमचा खिळवतात. आपला 'सा' हलता आहे. कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी काळी चार-पाचमध्ये. गळा जिथे रमेल तिथे 'सा'. हे स्वातंत्र्य आपल्या संगीताचा पाया आहे आणि मुलांसाठी तर वरदान, कारण त्यांचे गळे मोठ्यांसारखे नसतात. स्टिकर लावला की पट्टी बदलताच मूल हरवतं. शंभर-दीडशे रुपयांच्या कागदाने आपण त्याचं घर एका खोलीत कोंडतो.

अ‍ॅपची गोष्ट गुंतागुंतीची आहे. मूल गातं, पडद्यावरचा पक्षी सुराबरोबर वरखाली होतो, सूर जुळला की हिरवा दिवा. बोळ्यांची परीक्षा इथे जरा फसते, कारण गळा तर कामाला लागलेला असतो. पण मुलाकडे नीट पाहिलं की कळतं, दुरुस्ती डोळा करतो आहे. पडदा झाकला की सूर भरकटतो. शिवाय हिरवा दिवा कशाला लागतो? बहुतेक वेळा बारा समान भागांत कापलेल्या सप्तकातल्या गंधाराला. तानपुरा नीट जुळला की षड्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट उतरता असतो. म्हणजे जे मूल तानपुऱ्याशी इमान राखेल त्याला अ‍ॅप 'जरा कमी' म्हणेल. मोबाईल वापरायचाच तर तानपुरा लावायला वापरावा आणि पालथा ठेवावा.

इथपर्यंत वाचून परंपरेचे अभिमानी खूश झाले असतील, तर त्यांच्यासाठीही बोळे आहेत. 'नाद म्हणजे काय', 'थाटाची लक्षणं सांगा', 'रागाचे वादी-संवादी लिहा': परीक्षांसाठी पाठ करून घेतली जाणारी ही उत्तरं कानात बोळे घालून पूर्ण गुणांनी लिहिता येतात. रंगीत पत्ते निदान हसवतात तरी. आणि महिनोन्‌महिने एकसुरी म्हणून घेतलेले अलंकारही, त्यामागचं कोडं न उलगडता, नुसतं तोंड चालवतात. मुलं क्लास सोडतात ती या कंटाळ्यापायी. 'आमच्या मुलाला गाणं येत नाही' असा शिक्का घेऊन ती मोठी होतात, आणि पुढे कुठल्याही मैफलीत आपली जागा नाही असं समजतात. खेळ हवेत ते यासाठी.

खरं तर अलंकार हाच खेळ आहे. सारेग, रेगम... पुढे काय? मुलं लगेच सांगतात. सागरे, रेमग... आता? नियम ओळखणं हे कोडं, आणि तो गळ्यातून काढणं हा डाव. मग मुलांनी स्वतः नियम करावा, दुसऱ्याने गाऊन ओळखावा. इथे स्वरांचे पत्तेसुद्धा उपयोगी पडतात: तीन पत्ते पालथे ठेवायचे, एकाने गुपचूप पाहून गायचं, बाकीच्यांनी ऐकून तोच क्रम मांडायचा. तेच पत्ते, फक्त खेळाची दिशा उलटी. नावाकडून नावाकडे न जाता आवाजाकडून नावाकडे. शनिवारच्या मुलांत सर्वांत जास्त भांडणं या खेळात झाली, आणि भांडणाचा विषय 'तो रे होता की ग' हा होता. यापेक्षा चांगलं भांडण मला माहीत नाही.

शेवटी एका साधनाचा उल्लेख करायला हवा, जे संगीताचं साधन म्हणून आपल्या यादीत कधी येतच नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत कसरतीच्या सामानाच्या खोलीत लेझमा पडलेल्या असतात. प्रत्येक मुलाच्या हातात एक वाद्य, हलगीचा ठेका, हात आणि पाय एकाच मोजणीत. चूक लपत नाही आणि त्याबद्दल कुणी ओरडतही नाही. पुढच्या आवर्तनात सावरता येते. हालचालीतून संगीत शिकवण्यासाठी ओर्फ यांनी जे उभं केलं, त्यातलं बरंचसं इथे आधीपासून आहे. झिम्मा आणि टिपऱ्याही त्याच जातीच्या. पण लेझीम आपण २६ जानेवारीच्या संचलनापुरती काढतो, खेळाच्या शिक्षकाच्या ताब्यात देतो, आणि गाण्याच्या तासाला रंगीत पत्ते मागवतो. गाण्याच्या शिक्षकाने त्या खोलीची किल्ली मागून घ्यावी. दादरा, केरवा आणि झपताल मुलांच्या अंगात उतरवायला तिथे पुरेसं सामान आहे.