नकाशाची पाठचिकित्सा

‘स्टेशनपासून चालत पाच मिनिटे’ हे शब्द घरांच्या जाहिरातींत फार जुने आहेत. आता त्यांना धोरणाचे रूप आले आहे. केंद्र सरकारच्या २०१७च्या ट्रान्झिट-ओरिएंटेड डेव्हलपमेंट धोरणाने स्थानकाभोवतीचा साधारण ५०० ते ८०० मीटर त्रिज्येचा परिसर प्रभावक्षेत्र मानला आणि तिथे दाट वस्ती उभारण्याची शिफारस केली. त्रिज्या ठरली की नकाशावर वर्तुळ आखले जाते. पण माणूस त्रिज्येवरून चालत नाही. सगळे रस्ते काटकोनात छेदणाऱ्या आखीव शहरातही ५०० मीटर चालून पोहोचता येईल असा भाग त्या वर्तुळाच्या जेमतेम ६४ टक्के भरतो.

हा फरक फार पूर्वीच ओळखला गेला होता. लंडनच्या सोहो भागात १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली. पुढच्या वर्षीच्या अहवालातील नकाशात डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटचा पंप कोणाला सर्वांत जवळचा, याची सीमा काढली, ती रस्त्याने चालण्याच्या अंतरावरून. आज हे काम संगणक करतो. जेफ बोइंग यांची ओएसएमएनएक्स ही मुक्त प्रणाली ओपनस्ट्रीटमॅपवरील रस्त्यांचे जाळे उतरवून घेते. मग घरापासून स्थानकापर्यंतची वाट मोजता येते. विद्यापीठाच्या बाहेर राहून अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला असे साधन विनामूल्य मिळते, याचे मोल मी जाणतो.

म्हणूनच त्याच्या मर्यादेविषयी बोलले पाहिजे. ओपनस्ट्रीटमॅप स्वयंसेवकांनी भरलेला आहे. जी गल्ली कोणी भरली नाही, ती संगणकाच्या लेखी नाहीच. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. माहीम आणि सायन स्थानकांच्या मधल्या धारावीसारख्या वस्तीतला बोळ नकाशावर नसेल, तर संगणक ते घर सरळ जवळच्या नोंदलेल्या रस्त्याला जोडून टाकतो. चिखलातली, जिन्याखालून जाणारी, वळणावळणाची वाट हिशेबातून गळते, आणि ज्यांची पायपीट सर्वांत अवघड तेच ‘स्थानकाजवळचे’ ठरतात. उद्या पुनर्वसनाचा निर्णय अशा आकड्यांवर झाला, तर चूक कागदावर राहत नाही. ती कोणाच्या तरी रोजच्या चालण्यात जाते.

दुसरी उणीव रुंदीची. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. अंतराच्या गणितात तो पूल म्हणजे दोन बिंदूंना जोडणारी एक छोटी रेघ. पावसात त्यावर किती माणसे थांबतात, हे त्या रेघेला विचारता येत नाही.

यावरचा उपाय आपल्या परंपरेत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा जो पाठ पुरता निश्चित नव्हता त्याखाली नागमोडी रेघ दिली. संपादकांनी तो गाळला नाही आणि खात्रीचा म्हणून खपवलाही नाही. शहराचा नकाशा हाही अनेक हातांनी लिहिलेला पाठ आहे. कोणत्या वस्तीच्या वाटा प्रत्यक्ष चालून तपासल्या आणि कोणत्या केवळ अंदाजाने जोडल्या, हे अभ्यासकाने त्याच नकाशावर दाखवावे. ती नागमोडी रेघ नसेल, तर ‘पाच मिनिटे’ ही अजून जाहिरातच आहे.