न्यायनिर्णय आणि शब्दार्थाचा पुरावा

कायद्यातील शब्दाचा सामान्य अर्थ ठरविताना न्यायालये परंपरेने शब्दकोशाचा आधार घेत आली आहेत. अमेरिकेतील काही राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांत गेल्या काही वर्षांत भाषासंचयाचा, म्हणजे कॉर्पसचा, पुरावाही पुढे आला आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्याचे स्वागत करावे. परंतु परीक्षणावाचून नव्हे.

युटाच्या २०१५ मधील फौजदारी निर्णयात प्रश्न असा होता : एका घरावर झाडलेल्या १२ गोळ्यांचे गुन्हे १२ की एकच? 'डिस्चार्ज' म्हणजे एक गोळी झाडणे, की शस्त्र रिते करणे? बहुमताने प्रत्येक गोळी हा स्वतंत्र गुन्हा मानला. न्यायमूर्ती थॉमस ली यांचा निष्कर्ष तोच होता. मात्र त्यासाठी त्यांनी समकालीन अमेरिकन इंग्रजीचा संचय स्वतः धुंडाळला. पक्षकारांनी न मांडलेले असे संशोधन न्यायाधीशाने करू नये, हा बहुमताचा आक्षेप रास्त म्हटला पाहिजे. जो पुरावा उलटतपासणीस सामोरा जात नाही, त्यातील दोष उघड होण्याचा मार्गच खुंटतो.

हा दोष कोणत्या प्रकारचा असू शकतो, ते मिशिगनच्या २०१६ मधील निर्णयावरून ध्यानात येते. खात्याच्या चौकशीत पोलिसांकडून सक्तीने घेतलेली 'माहिती' फौजदारी खटल्यात त्यांच्याविरुद्ध वापरता येत नाही, असा तेथील कायदा आहे. मग खोटे निवेदन ही माहिती होय काय? बहुमताने उत्तर होकारार्थी दिले. मूळ इंग्रजी शब्दाला 'खोटी' आणि 'अचूक' या अर्थांची दोन्ही विशेषणे लागतात, हा त्यास संचयाचा आधार. भिन्नमताने त्याच संचयातून उलट अनुमान काढले.

विशेषणाचा हा पुरावा अपुरा आहे. आपण 'खोटे नाणे' म्हणतो. म्हणून खोटे नाणे हे नाणे ठरत नाही. येथे विशेषण नामाच्या अर्थाचाच निरास करते. 'जुने नाणे' यात तसे होत नाही. तेव्हा विशेषण लागते की नाही, एवढे मोजून भागत नाही. ते लागल्यावर नामाचा अर्थ टिकतो की नाही, हे पाहावे लागते. 'माहिती खोटी निघाली' असे म्हटल्यावरही ती माहितीच राहते, असे दाखविता आले, तर बहुमताचा निष्कर्ष टिकेल. पण तो निराळ्या प्रमाणावर.

वारंवारता हा अर्थाचा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. ज्या शब्दावर माणसाची मुक्तता वा शिक्षा अवलंबून आहे, तेथे हा विवेक सांगणे हे भाषाशास्त्रज्ञाचे कर्तव्य होय.