अंकीय चित्र आणि पूर्णतेचा प्रश्न

तैलचित्रातील कच्चे रेखाटन अखेरच्या रंगलेपाखाली लोपते. त्याचा शोध घ्यावयाचा तर अवरक्त किरणांचा आश्रय करावा लागतो. डेव्हिड हॉकनी यांनी २०११ साली यॉर्कशरमधील वोल्डगेटच्या वसंतागमनावर आयपॅडवर काढलेल्या चित्रांत ही स्थिती पालटते. ‘ब्रशेस’ या साधनात प्रत्येक फटकारा क्रमाने नोंदला जातो व पुन्हा पाहता येतो. तथापि ही नोंद म्हणजे कलाकृती नव्हे. पडद्यावरील रंग वाळत नाही; केलेला फटकारा मागे घेता येतो. माध्यम चित्रकाराला कोठेच अडवीत नसल्याने थांबण्याचा निर्णय सर्वस्वी त्याच्या दृष्टीवर येऊन पडतो. २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत यांतील ५१ चित्रे कागदावर मुद्रित होऊन मांडली गेली, तेव्हा तो निर्णय प्रकट झाला. येथे पूर्णता ही प्रक्रियेची अपरिहार्य परिणती नसून निवड आहे. समीक्षेने तपासावयाची ती हीच.