रेसिडेंट इव्हिल ५ : भीती नेमकी कुठे हरवली?

पेपरची बलस्थानं आणि मर्यादा वेगळ्या कशा काढायच्या, असं बरेच जण विचारतात. आज पेपरऐवजी एका गेमवर तोच प्रयोग करू या.

गेम आहे कॅपकॉमचा 'रेसिडेंट इव्हिल ५', सन २००९ चा. मालिका १९९६ पासूनची आणि मूळची भयाची : बंद वाडा, मोजक्या गोळ्या, दाराआड काय आहे ते माहीत नाही. २००५ च्या चौथ्या भागात ती ॲक्शनकडे वळली, पाचव्यात पार तिकडे गेली. 'हा हॉरर नाहीच' ही त्यावरची ठरलेली तक्रार.

थांबा. 'मला आवडलं नाही' आणि 'त्यांना जमलं नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. कामाने कोणता प्रश्न घेतला, ते आधी बघायचं. इथे प्रश्न असा : भर उन्हात, सोबत जोडीदार आणि हातात बंदूक असताना भीती वाटेल का?

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत हे विचारावं लागत नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला बाया-माणसं घोळक्याने जातात, लख्ख उजेडात जातात, तरी वाघाची भीती असतेच. कारण पानं तोडायला वाकावं लागतं. इकॉलॉजीत 'भीतीचा भूप्रदेश' अशी कल्पना आहे. यलोस्टोनमध्ये १९९५ पासून लांडगे परत आणले गेले. त्यानंतर तिथले एल्क मान वर करून किती वेळ बघतात, हे लाँद्रे आणि सहकाऱ्यांनी मोजलं आणि २००१ मध्ये मांडलं. मान खाली घातल्याशिवाय चरता येत नाही, आणि घातली की धोका. माझ्या मते भीतीचं मूळ तिथे आहे : जे केल्याशिवाय भागत नाही, त्यातच आपण उघडे पडतो.

हे माप लावलं की गेमची ताकद दिसते. गोळी झाडताना चालता येत नाही, जागेवर उभं राहावं लागतं. सामानाला नऊच खण, आणि ते उघडलं तरी गेम थांबत नाही. खाणीच्या बोगद्यात एकाने कंदील धरायचा. तो धरला की त्याला गोळी झाडता येत नाही. या तिन्ही जागी मान खाली आहे. म्हणजे ॲक्शन असूनही भीती जमली आहे.

उत्तरार्धात ती सुटते. शत्रूंच्या हाती बंदुका येतात, आपण भिंतीआड लपून झाडतो. आता उघडं पडावं लागत नाही. शेवटी नायक ज्वालामुखीत भलामोठा दगड ठोसे मारून हलवतो, तेव्हा हसूच येतं.

दुसरी मर्यादा अभ्यासाच्या दृष्टीने मजेशीर आहे. भीती कमी झाली ती ॲक्शनमुळे की सोबतीमुळे? शेवा ही जोडीदार पूर्ण वेळ बरोबर असते. मित्र तिला चालवत असेल तर धमाल, संगणक चालवत असेल तर ती औषधं नको तिथे संपवते. दोन व्हेरिएबल एकदम बदलले की कारण सांगता येत नाही. २०१७ च्या सातव्या भागात भीती परतली, पण तिथेही एकटेपणा, अंधारं घर आणि नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा कॅमेरा हे सगळं एकत्रच आलं. त्यामुळे 'ॲक्शनने हॉरर मारला' हा निष्कर्ष घाईचा आहे.

तिसरी मर्यादा मला सगळ्यात बोचते. कथा आफ्रिकेतल्या एका काल्पनिक भागात घडते. दलदलीतल्या गावात गवताचे पोशाख, मुखवटे, भाले घेऊन माणसं अंगावर येतात. तिथल्या एका तरुणाची डायरी सापडते. त्यातून कळतं की ही साधी माणसं होती, संसर्ग झाल्यावर जुना वेष घालू लागली. म्हणजे पूर्वजांचा वेष हेच रोगाचं लक्षण! गडचिरोली म्हटलं की बाहेरच्यांना वाघ आणि बंदूक एवढंच आठवतं. माणसं नुसता देखावा होतात. त्यामुळे ते पान वाचून मी गेम बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच प्रबंधाचं एक प्रकरण उघडलं. गावकरी त्यात फक्त 'मानवी हस्तक्षेप' या शीर्षकाखाली होते. ते आता पुन्हा लिहितोय.

तुमच्या पुढच्या पेपरला हेच तीन प्रश्न विचारा : काय विचारलं? एका वेळी किती गोष्टी बदलल्या? आणि कोणाला नुसता देखावा केलं?