परतीचं तिकीट असलेल्या नायिका

अमेरिकी ‘यंग अ‍ॅडल्ट’ कादंबरीत परदेशी शिकायला निघालेली मुलगी हे आता ठरलेलं पात्र झालं आहे. आईवडील तिला मनाविरुद्ध धाडतात, नव्या शहरात ती बुजते, एक मुलगा भेटतो आणि सत्र संपता संपता आपल्याला काय हवंय हे तिला उमगतं. साच्याबद्दल तक्रार नाही. पण स्वतःशी प्रामाणिक राहण्याची किंमत त्या मुलीला मोजावी लागते का, यावर पुस्तकाचा कस लागतो.

स्टेफनी पर्किन्स यांच्या ‘अ‍ॅना अँड द फ्रेंच किस’मध्ये (२०१०) अटलांटाची अ‍ॅना वडिलांच्या हट्टापायी शाळेचं शेवटचं वर्ष पॅरिसमधल्या अमेरिकी निवासी शाळेत काढते. सुरुवातीची पानं झकास आहेत. फ्रेंच येत नाही म्हणून ती जेवणघरात आचाऱ्याशी बोलायचंच टाळते आणि मागावं लागणार नाही तेवढंच खाते. परक्या मुलखातलं बुजरेपण पोटापर्यंत कसं पोचतं, हे पर्किन्स यांनी नेमकं टिपलंय. पुढे मात्र भोवती बहुतेक अमेरिकी मुलंच उरतात आणि पॅरिस प्रेमकथेमागचा देखावा होऊन बसतं. अ‍ॅनाला सिनेसमीक्षक व्हायचंय. त्या ओढीला कादंबरीने आणखी जागा द्यायला हवी होती.

सारा कुन यांच्या ‘आय लव्ह यू सो मोची’त (२०१९) किमी चित्रकार आईच्या अपेक्षांपासून पळून क्योटोला आजीआजोबांकडे जाते. पुस्तक गोड आहे, पण ताण फार लवकर विरघळतो.

अ‍ॅबिगेल हिंग वेन यांची ‘लव्हबोट, तैपेई’ (२०२०) मात्र वरवर चटपटीत वाटली तरी आतून भक्कम आहे. ओहायोतल्या एव्हर वाँगला नृत्य शिकायचंय, आईवडिलांना ती डॉक्टर व्हायला हवीय. तैवानमधल्या उन्हाळी अभ्यासवर्गाला ते तिला चिनी भाषा आणि संस्कृती शिकायला पाठवतात, आणि ती घरचा एकेक नियम ठरवून मोडत सुटते. हा वर्ग खरोखरच भरत आलेला आहे. तिथे जुळणाऱ्या जोड्यांमुळे त्याला ‘लव्ह बोट’ हे टोपणनाव पडलं. बंडखोरीची मौज लेखिका मनापासून रंगवते. तरीही वाचकाला विसरू देत नाही, की एव्हरचे वडील चीनमध्ये डॉक्टर होते आणि अमेरिकेत रुग्णालयातच हलकं काम करतात. त्यामुळे डॉक्टरकीचा आग्रह निव्वळ जुलूम राहत नाही. त्यात एका माणसाचं हुकलेलं आयुष्य दिसतं. एव्हरचा नकार म्हणूनच जड होतो.

या तिघींच्या हाती परतीचं तिकीट आहे.

मार्जान सत्रापी यांच्या ‘पर्सेपोलिस’ या चित्रात्मक आत्मकथनाची गोष्ट वेगळी. ते कादंबरी नाही आणि खास तरुणांसाठीही लिहिलेलं नाही, तरी या विषयावरच्या चर्चेत ते टाळता येत नाही. १९८४ साली, इराण-इराक युद्ध चालू असताना, चौदा वर्षांची मार्जान तेहरानहून व्हिएन्नाला शिकायला जाते. निघताना आजी तिला स्वत्व जपायला बजावते. तिथे एकदा ती आपण फ्रेंच असल्याचं खोटंच सांगते. नंतर शेजारच्या टेबलावर मुली तिची टवाळी करताना ऐकते आणि आपण इराणी आहोत, त्याचा अभिमान आहे, असं ओरडून सांगते. इतर पुस्तकांनी या प्रसंगावर पडदा पाडला असता. इथे हाल पुढेच वाढतात: घर सुटतं, हिवाळ्यात रस्त्यावर राहून ती रुग्णालयात पोचते. खरं बोलल्याने प्रश्न सुटला नाही, हे सांगण्याचं धैर्य या प्रकारात दुर्मीळ आहे.

मराठीत असं धैर्य श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’मध्ये (१९६८) आहे. अठराव्या वर्षी, १८८३ साली, अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला निघालेल्या आनंदीबाई जोशींनी धर्म आणि राहणी सोडली नाही. १८८६ मध्ये पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्या गेल्या. ही कादंबरी प्रौढांसाठी लिहिलेली, पण नायिकेच्या वयामुळे कुमारवाचकांनाही जवळची वाटावी अशी.

आज महाराष्ट्रातून अमेरिकेला शिकायला जाणारी बहुतेक मुलं पदवीनंतर, विशी ओलांडून जातात, म्हणजे ‘यंग अ‍ॅडल्ट’च्या बारा ते अठराच्या चौकटीबाहेर. घर तारण ठेवून घेतलेलं कर्ज, व्हिसाची मुलाखत, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेतलं विद्यापीठातलं काम, आणि विषय चुकला हे कळूनही घरी सांगता न येणं: एव्हर वाँगच्या पेचापेक्षा हा पेच तसूभरही कमी नाट्यमय नाही. तो मराठीत लिहिणाऱ्याला पॅरिसच्या देखाव्याची गरज पडणार नाही. हप्त्यांचा हिशेब मात्र कथानकात आणावा लागेल.